चार वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हता, आणि आमच्या सोसायटीत ते कोणाच्या लक्षातही आलं नाही

शेवंता_४०२ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. महिनाभर डोक्यात घोळतंय आणि घरात बोलून संपत नाहीये म्हणून इथे आले.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं. आदल्या दिवशी संक्रांत, गुरुवारी मतदानाची सुट्टी, शुक्रवार रजा टाकली की चार दिवस मोकळे. आमची सोसायटी शहराच्या कडेला, १८० फ्लॅट, म्हणजे मतदानाच्या वयाची माणसं चारशेच्या आसपास तरी असतील. मी आणि अजून दोघी सकाळी गेटपाशी टेबल टाकून बसलो होतो, कोणाचं बूथ कुठल्या शाळेत आहे ते शोधून द्यायला. दहा वाजेपर्यंत गाड्या बाहेर पडत होत्या, डिकीत बॅगा, कोणी दापोलीला कोणी महाबळेश्वरला. हात करून जात होते आणि आम्हीही हात करत होतो. संध्याकाळपर्यंत आमच्या वहीत शाई लावून आलेल्यांची नावं ६१ झाली. काही लोक न सांगता जाऊन आले असतील, धरा शंभर.

त्याच दिवशी एका मुलीने विचारलं, काकू आत्तापर्यंत आपला नगरसेवक कोण होता? आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की कोणीच नव्हता! मार्च २०२२ मध्येच मुदत संपली होती, तेव्हापासून प्रशासक, म्हणजे सर्वसाधारण सभा पण तेच आणि स्थायी समिती पण तेच. दरवर्षी अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारेही तेच. जवळजवळ चार वर्षं. त्या रात्री मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधून पाहिलं. "टँकर" टाकलं तर अंगठा दुखेपर्यंत वर सरकवत राहिले तरी संपेना. "ऑफर" तसंच. "नगरसेवक" चार वर्षांत तीन वेळा, त्यातलं एक कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल.

आम्ही दर महिन्याला टँकरला एक लाख नव्वद हजाराच्या आसपास देतो. वार्षिक सभेत हा खर्च पाच मिनिटांत मंजूर होतो आणि क्लबहाऊसच्या टाइल्सवर पाऊण तास चर्चा चालते. पाणी नाही तर टँकर, पाणी खराब तर फिल्टर, दिवे गेले तर जनरेटर, रस्त्यावर अंधार तर अजून दोन वॉचमन. प्रत्येक अडचणीला आपल्याकडे एक विकत घ्यायची वस्तू आहे आणि ती घेतली की अडचण संपली असं आपण धरून चालतो. आणि हे सगळं हप्त्यावर! आमच्या घरातच घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, दोन फोनचे हप्ते. माझ्या टीममधल्या एका मुलाला ऑफिसात एका चुकीच्या गोष्टीबद्दल सगळ्यांच्या सहीचं पत्र द्यायचं होतं तेव्हा विचारलं, तो म्हणाला ताई सही केली असती पण माझे तीन हप्ते चालू आहेत. मला त्याचा राग आला नाही, पोटात गोळा आला.

माझा मुलगा नववीत आहे. २६ जानेवारी जवळ आली की तो विचारतो सेल कधी सुरू होतोय. त्याची काय चूक, त्याने आमच्या तोंडून दुसरं काही ऐकलंच नाही.

तर मला विचारायचंय ते हे, की ह्याला स्वातंत्र्य गमावणं म्हणायचं की मी उगाच मोठा शब्द वापरतेय? कोणी बंदूक घेऊन आलेलं नाही, कोणी तोंड दाबलेलं नाही. आपणच एकेक करून सोडून देतोय आणि बदल्यात काहीतरी घरपोच येतंय. आणि माझ्यासारख्या बाईने, नोकरी सांभाळून, सुरुवात कुठून करायची?

गल्लीतला_दिवा

ताई कळकळ पोचली पण थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हे जे "लोक उदासीन आहेत" म्हणतात ना, त्यात लोक म्हणजे कोण ते बघा. आमच्या वस्तीत सकाळी सातला रांग होती. कारण गटार तुंबलं तर आम्हाला नगरसेवकाच्या दारातच जावं लागतं, दुसरा उपायच नाही. चार वर्षं नगरसेवक नव्हता हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं, क्षेत्रीय कार्यालयात गेलं की ह्या टेबलावरून त्या टेबलावर. माजी नगरसेवक म्हणायचे आता माझ्या हातात काय नाही. २०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास होतं आणि तिकडे गडचिरोली जिल्ह्यात ७० च्या वर, मैलभर चालून जाणारी माणसं ती. ज्याच्याकडे पर्याय विकत घ्यायला पैसे आहेत त्याला सरकारची गरज वाटत नाही असं साधं गणित आहे.

आणि दुसरं म्हणजे यादी. माझं नाव एका शाळेत, बायकोचं दुसऱ्या शाळेत, भावाचं नावच नाही. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडून करतात, त्यात पत्ता जुना असेल तर तुम्ही भलत्याच प्रभागात जाता. तुमच्या सोसायटीतले निम्मे लोक नव्याने राहायला आलेले असणार, त्यांची नावं अजून गावाकडे किंवा जुन्या भाड्याच्या घराकडे असतील. आठ नंबरचा फॉर्म असतो पत्ता बदलायला, ऑनलाइन पण भरता येतो. निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, यादीची तारीख आधीच ठरलेली असते. आत्ता भरून घ्या सगळ्यांकडून, हे पहिलं काम.

पाणपोई

दोघांचंही वाचलं. मला खरेदीबद्दल बोलायचंय, कारण इथे चंगळवाद म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि माझ्या मनात दरवेळी काहीतरी अडतं.

माझी आजी रायगड जिल्ह्यातली. ती सांगायची, गावच्या दुकानाच्या पायरीवर चढू देत नसत, पैसे खाली ठेवायचे, मग दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलणार आणि मीठ-तेल वरून पदरात टाकणार. माझी आई पहिल्यांदा शहरात आली तेव्हा दुकानात जाऊन चार साड्या हाताने उलगडून बघितल्या आणि एकही न घेता बाहेर आली, ही गोष्ट ती अजून सांगते आणि सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. तेव्हा पैसे देऊन वस्तू घेता येणं, आणि समोरच्याने जात न विचारता ती देणं, ह्यात स्वातंत्र्य आहेच. आमच्यासाठी तर फार मोठं आहे. कोणी मला मॉलमध्ये जाऊ नको म्हणून सांगायला लागलं की मला आजीची पायरी आठवते.

पण तरीही ताई, मला तुमचं म्हणणं पटतंय, आणि ते महाडमुळे पटतंय. चवदार तळं हे नगरपालिकेचं तळं होतं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळालेलाच होता, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. परतताना लोकांना मार खावा लागला, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, खटला चालला आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं! त्या माणसांना कोणी म्हणालं असतं की कशाला भांडता, वर्गणी काढून स्वतःची विहीर खणा, तर? काही ठिकाणी असे सल्ले दिलेही जायचे. ते भांडण पाण्याच्या घोटासाठी नव्हतंच फक्त. गावाचं जे आहे ते माझंही आहे, एवढं म्हणायला माणसं गेली होती.

तुमची सोसायटी जेव्हा टँकर मागवते तेव्हा पाणी मिळतं, पण हे "माझंही आहे" म्हणणं सुटतं. आणि ते तुम्ही सोडलं की ज्याला टँकर परवडत नाही त्याच्या बाजूने बोलणारं एक माणूस कमी होतं, म्हणजे गल्लीतला दिवा दादांच्या रांगेतलं. मला ह्याचा त्रास होतो, हप्त्यांचा एवढा होत नाही.

मोठा शब्द वापरला का विचारलंत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच प्रश्न केला होता, की २६ जानेवारी १९५० ला देश स्वतंत्र असेल, पण त्या स्वातंत्र्याचं पुढे काय होईल, तो ते पुन्हा गमावेल का? सिंधच्या दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच घेतली होती त्याचं उदाहरण दिलं, आणि शिवाजी महाराज लढत असताना बाकीचे मराठे सरदार मोगलांकडून लढत होते तेही सांगितलं. त्यांचा रोख बाहेरच्या शत्रूवर नव्हता, आपल्याच माणसांवर होता. त्यामुळे नाही, शब्द मोठा नाहीये.

गोरेगावची_मावशी

बाळांनो, मी आता ७४ वर्षांची आहे, टाइप करायला वेळ लागतो. नात मदत करतेय.

१९७२-७३ ला दुष्काळ होता, महागाईने जीव नकोसा झाला होता. रॉकेल नाही, साखर नाही, तांदूळ काळ्या बाजारात. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर ह्यांनी बायकांना गोळा केलं आणि लाटणी मोर्चे निघाले. मी तेव्हा एकवीस वर्षांची, नवीन लग्न झालेलं, सासूबाईंना विचारायची भीती वाटत होती तर त्याच म्हणाल्या थांब मी पण येते. थाळी आणि लाटणं घेऊन गेलो. समोर मंत्री असो की अधिकारी, बायका घाबरत नव्हत्या कारण प्रत्येकीला आपल्या डब्यात किती साखर उरलीय ते तोंडपाठ होतं. भाषण कोणाला येत होतं, पण हिशोब येत होता.

नंतर १९७५ ला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, त्यात आम्ही शेजारपाजारच्या बायकांनी संघ केला. महिन्याची यादी करायची, सगळ्यांची मिळून मागणी द्यायची, सामान एकीच्या घरी उतरायचं आणि सगळ्या जमून वाटून घ्यायच्या. डाळीत खडे निघाले तर तिथेच बोंब! पण ते वाटप चालू असताना काय काय बोलणं व्हायचं. कोणाच्या नळाला पाणी नाही, कुठल्या शाळेने फी वाढवली, कोणाचा नवरा मारतो. अर्धी कामं त्या वाटपाच्या दिवशी ठरायची. आम्ही पण गिऱ्हाईकच होतो की! पण एकेकटे नव्हतो.

आता माझ्या मजल्यावर सहा घरं आहेत, दिवसाला दहा-बारा पार्सलं येतात, दार उघडतं, हात बाहेर येतो, दार बंद होतं. शेजारची मुलगी गरोदर होती हे मला बारशाला कळलं. मतदानाचं नंतर बघा, आधी दारं उघडा म्हणते मी.

अर्ज_क्रमांक_७

मावशींना नमस्कार. मी जरा कामाचं लिहितो.

राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली, १ जून १९९३ पासून लागू. त्यात कलम २४३ यू स्पष्ट सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. तरी २०२२ ला मुदत संपलेल्या महापालिकांचं मतदान २०२६ ला झालं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या केसेस सुप्रीम कोर्टात होत्या हे खरं, शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढे तीही मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ केली. पण एवढ्या काळात मुंबई पुणे नागपूर नाशिक ठाणे कुठेही शहरभर लोक रस्त्यावर आलेत असं मला तरी आठवत नाही. कलम होतं, कोर्ट होतं, फक्त मागणारं कोणी नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट पुण्याच्या २३ गावांची झाली. जून २०२१ ला ती महापालिकेत घेतली, ग्रामपंचायती गेल्या. महापालिकेची मुदत नऊ महिन्यांतच संपली. म्हणजे सरपंच पण नाही आणि नगरसेवक पण नाही, साडेचार वर्षं. जानेवारी २०२५ ला सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली, नांदेड गाव, किरकटवाडी ह्या भागात जास्त रुग्ण, आणि दूषित पाण्याशी संबंध जोडला गेला, तेव्हा तिथल्या माणसाने स्वतः निवडून दिलेल्या कोणाला जाऊन विचारावं तर गावात असा माणूसच नव्हता. ज्यांना जमलं त्यांनी पाण्याचे जार विकत घेतले.

शेवंताताई, तुम्ही कुठल्या शहरात ते लिहिलं नाही, पण पुण्यात असाल तर २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. साधा अर्ज असतो, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाला पाच लाखापर्यंत. बाक, पथदिवे, फुटपाथची दुरुस्ती असली कामं. मी सात वेळा अर्ज केलाय, दोन कामं झाली, त्यातला एक दिवा रोज रात्री माझ्या खिडकीतून दिसतो. दुसरीकडे असाल तरी दहा रुपयांत माहितीचा अर्ज करता येतो, आपल्या प्रभागात गेल्या वर्षी कुठल्या कामावर किती खर्च झाला एवढंच विचारा. आलेला कागद सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवा. लोक लिफ्टमध्ये वाचतात.

मोहाची_सावली

मी गडचिरोलीकडची. वर टक्केवारीत आमचं नाव आलं म्हणून लिहितेय, पण मतदानापेक्षा मला मेंढा-लेखाबद्दल सांगायचंय. धानोरा तालुक्यातलं पाचशेच्या आत लोकवस्तीचं गोंड गाव. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा बऱ्याच जणांनी ऐकली असेल. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी २००९ ला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ ला स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन देऊन गेले होते. २०१३ ला तर गावाने जमीन ग्रामदानात दिली, म्हणजे एकेकट्याची मालकी सोडून ती ग्रामसभेची केली.

लोक ही घोषणा सांगतात पण त्याच्या मागचं सांगत नाहीत. तिथे अभ्यास गट असतो. गोलात बसायचं, एक विषय घ्यायचा, माहिती असलेल्या माणसाला बोलवायचं, समजून घ्यायचं, आणि त्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो सगळ्यांच्या संमतीने, बहुमताने नाही. एकाचं जरी पटलं नाही तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. वेळ जातो. पण एकदा ठरलं की मागे कुरकुर करणारं कोणी उरत नाही. तुमच्याकडे गच्ची आहे ना? तिथे बसा.

शेवंता_४०२

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी परत येतेय कारण सांगण्यासारखं काही झालंय.

पाणपोई, तुमचं मी तीनदा वाचलं आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने विचारलं आजींना कोणी दुकानात का घेत नव्हतं, मग त्या रात्री जेवण बाजूलाच राहिलं. मावशी, मी मजल्यावरच्या तिन्ही दारांची बेल वाजवली, काही काम नसताना. सुरुवातीला सगळे घाबरले की ही वर्गणी मागायला आली.

मोहाची सावली, गच्चीवर बसलो. पहिल्या रविवारी सात जण, दुसऱ्या रविवारी अकरा. ठरवलं की निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. पहिला विषय पाणी. मी विचारलं, आपल्याला नळाचं पाणी का नाही? सगळे म्हणाले महापालिका देत नाही. कोणी मागितलं होतं का विचारलं तर कोणालाच माहीत नाही. सेक्रेटरी चांगला माणूस आहे, खाली जाऊन जुनं कपाट उघडून फाइल घेऊन आला, धूळ झटकत तिथेच गच्चीवर बसून आम्ही पानं उलटली. २०१९ साली सोसायटीने नळजोडासाठी अर्ज केला होता. त्यावर उत्तर आलं होतं, त्रुटीचं पत्र, दोन कागद कमी आहेत ते जोडून द्या. त्या पत्रावर आमच्याच ऑफिसचा पोच शिक्का आहे, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय "पुढील सभेत घेणे". आणि त्यानंतर फाइलमध्ये टँकरची बिलं.

सगळे गप्प झाले होते. एक काका, जे दर सभेत महापालिकेच्या नावाने ओरडतात, ते ते पत्र हातात धरून बराच वेळ बघत होते.

त्यातला एक कागद मिळाला, दुसरा बिल्डरकडून घ्यावा लागणार आहे. गल्लीतला दिवा दादा, पत्ता बदलायचे ३८ फॉर्म भरून झाले, अजून काही बाकी आहेत. अर्ज क्रमांक ७, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, २०१९ च्या अर्जावरच पुढे चालतं का नव्याने अर्ज करून नवीन क्रमांक घ्यावा लागतो? मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकलीय, आम्ही चौघं जातोय, ते काका पण येतायत.